रंग जमिनीला, मोजदाद माणसांची

निवडणूक निकालाच्या नकाशात ‘बेलापूर’ शोधले, की बोट नवी मुंबईवर थांबते. रेल्वेच्या नकाशात बेलापूर स्थानक सापडते, पण ते श्रीरामपूर शहरात आहे. प्रवराकाठचे आमचे बेलापूर श्रीरामपूर मतदारसंघाच्या रंगात विरघळून गेलेले असते. नकाशावर आकडे मांडण्याची कला आपल्याकडे कुठवर आली, हे अशा गावातून पाहिले की नीट कळते.

साधने आता मुबलक आहेत. जनगणनेचे आकडे गावपातळीपर्यंत खुले आहेत, नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रहचित्रांवरून राज्याचे नकाशे करते, आणि निकालाच्या दिवशी प्रत्येक वाहिनीवर रंगीत महाराष्ट्र झळकतो. तरीही बहुतेक नकाशांची रीत १८२६ सालचीच आहे. शार्ल द्युपँ यांनी तेव्हा फ्रान्समधला शिक्षणाचा प्रसार प्रांतवार गडद-फिकट छटांनी दाखवला होता.

या रीतीत रंग जमिनीला लागतो, माणसांना नाही. मुंबईच्या दोन जिल्ह्यांत विधानसभेच्या ३६ जागा आहेत, तर १७,०४८ चौरस किलोमीटरच्या आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२. मुंबईचे क्षेत्रफळ आमच्या जिल्ह्याच्या विसाव्या हिश्श्याइतकेही नाही. म्हणून पडद्यावर आमचा जिल्हा डोळ्यांत भरतो आणि मुंबईचे लाखो मतदार ठिपक्यात मावतात. प्रत्येक मतदारसंघाला सारखी चौकट देणारे नकाशे हा दोष बराच दूर करतात. त्यात गावांचे शेजार थोडे विस्कटतात, पण मताचे वजन खरे दिसते. निसटता विजय आणि लाखाचे मताधिक्य एकाच रंगात रंगवणे मात्र मला अक्षम्य वाटते.

दुसरा दोष घटकाचा. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५२ मुली होत्या. जिल्हावार नकाशात या आकड्याला एकच छटा मिळते. पण घाटघरचा धुवाधार पाऊस, भंडारदऱ्याच्या कालव्यावरचा श्रीरामपूरचा ऊसपट्टा आणि पाथर्डी-जामखेडचे कोरडे माळ यांत राहणाऱ्यांचे जगणे एका छटेत कसे बसेल? मुली नेमक्या कुठे कमी होत आहेत, हे त्या नकाशात विचारताच येत नाही.

घटकाचे मोल महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. कर्नाटकाशी असलेल्या सीमाप्रश्नात आपण ‘खेडे हा घटक’ हे पाटसकर सूत्र लावून धरले, कारण खेड्याऐवजी तालुका किंवा जिल्हा धरला की भाषिक बहुसंख्याच बदलते. वादाच्या वेळी जे इतके पक्के ठाऊक असते, ते रोजच्या नकाशांत आपण का विसरतो?

चांगले उदाहरण याच जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. पाणलोटाच्या कामात शिवारफेरीनंतर गावकरी स्वतः नकाशा काढतात, तेव्हा ओढे, विहिरी, पडीक जमिनी त्यात आपापल्या जागी येतात. तिथे आकडा आणि माणूस यांची ताटातूट होत नाही, आणि नकाशा चुकला तर तो काढणाऱ्याला लगेच सांगता येते.

छापील किंवा पडद्यावरच्या नकाशानेही एवढी जबाबदारी घ्यावी. घटक कोणता, आकडे कोणत्या वर्षाचे आणि छटांच्या सीमा कशा ठरवल्या, हे त्याखाली स्पष्ट लिहिलेले असावे. मग बेलापूरचा माणूस आपल्या गावावर बोट ठेवून म्हणू शकेल, हे बरोबर आहे, किंवा हे चूक आहे.