डोंगर एक, पुस्तकं दोन

"काय करून राहिला बाप्पा तू पीएचडीत?" मनीषनगरच्या चहाटपरीवर हा प्रश्न ठरलेलाच. आज सोपं करून सांगतो: मी दोन जुन्या पुस्तकांशी भांडतोय.

पहिलं एल. एल. फर्मोर यांचं, भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचं, १९०९ चं. दुसरं रसेल आणि हिरालाल यांचं, मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचं, १९१६ चं, चार खंडांचं. मेहनत बघितली तर दोन्हींना हात जोडावेत. मँगनीजचं गार्नेट आणि क्वार्ट्झ असलेल्या खडकाला फर्मोर यांनी 'गोंडाइट' हे नाव दिलं, गोंडांवरून. आजही भूगर्भशास्त्रात ते चालतं.

माझी तक्रार मांडणीवर आहे. फर्मोर यांच्याकडे माहिती साठ्यांनुसार लावलेली, रसेल यांच्याकडे जातींनुसार, इंग्रजी अक्षरक्रमाने. म्हणजे रामटेकजवळच्या मनसरची खाण एका पुस्तकात आणि ढोरं चारणारे गोवारी दुसऱ्यात. खाण सुरू झाल्यावर चराई कुठे सरकली, हे विचारायला दोन्हीकडे कप्पाच नाही. डोंगर एकच, पण तो दोन कपाटांत गेला.

हे फक्त ग्रंथालयातलं भांडण नाही. रसेल यांनी 'गोंड-गोवारी' ही छोटी मिश्र जात म्हणून नोंदवली. पुढे अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' आलं, आणि गोवारी त्यात येतात की नाही हा वाद सुरू झाला. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच मागणीच्या मोर्चात, नागपुरात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी मेले. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल गोवारींच्या बाजूने लागला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. या वादात रसेल यांचा ग्रंथही पुरावा म्हणून वाचला गेला.

सोयीसाठी पाडलेला कप्पा शंभर वर्षांनी माणसाची ओळख ठरवतो, तो असा. चूक एकट्या रसेल यांची नाही. वर्णन म्हणून लिहिलेली ओळ आपण दाखल्यासारखी वाचतो, ती आपलीही आहे.

म्हणून माझ्या प्रबंधात प्रकरणं गावांनुसार आहेत. मनसरच्या प्रकरणात खाण, चराई, पाणी आणि दिवाळीतली गोवाऱ्यांची ढाल, सगळं एकत्र. गाईड म्हणतात, असं काम लांबतं.

लांबू दे.