बुटात लपवलेली डायरी

युद्धकैद्याची डायरी म्हटली की पहारा चुकवून पळालेल्या शूराची कथा वाचायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असते. शिशिरप्रसाद सर्बाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक ती अपेक्षा पुरी करीत नाही. इथे कैदी निसटत नाही, त्याची डायरी तेवढी निसटते.

सर्बाधिकारी हे कलकत्त्याचे सुशिक्षित तरुण. १९१५ साली बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमधून ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले. बगदाद घ्यायला निघालेली जनरल टाउनशेंडची फौज टेसिफोनहून मागे हटली आणि कूत-अल-अमारा येथे वेढली गेली. ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीने संपला. सुमारे तेरा हजार सैनिक तुर्कांचे कैदी झाले. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. शिपाई मात्र वाळवंट तुडवत रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर गेले.

कूत पडले तेव्हा सर्बाधिकारींनी डायरी फाडून पाने बुटात लपवली. नदी ओलांडताना ती भिजली, पुढे काही काळ जमिनीत पुरावी लागली. अशा कागदांवरून जुळवलेला मजकूर चाळीसएक वर्षांनी पुस्तकरूपाने आला. पुस्तकाचे बळ यात आहे आणि उणीवही यातच आहे. कैदेतल्या तरुणाने लिहिलेले कोणते आणि उतारवयात आठवून भरलेले कोणते, हे वाचकाला नेहमी वेगळे करता येत नाही. तरीही भूक, चाल आणि मरण यांविषयी लिहिताना लेखक आवाज चढवीत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

मुस्लिम वाचकाला हे पुस्तक अधिक अस्वस्थ करील. नोव्हेंबर १९१४ मध्ये उस्मानी सुलतानाने, म्हणजे त्या वेळच्या खलिफाने, जिहाद पुकारला होता. वेढ्यात तुर्कांकडून हिंदी शिपायांना फितवणारी पत्रके येत होती. मुसलमान कैद्यांना वेगळी वागणूक देऊन आपल्याकडे वळवण्याचे प्रयत्नही झाले. आपल्याकडे तुर्कांची प्रतिमा पुढे खिलाफत चळवळीच्या भावनेतून घडली. हा बंगाली हिंदू कैदी मात्र समोरचा माणूस पाहतो. अलेप्पोच्या इस्पितळात काम करताना तुर्क शिपायांशी त्याचा स्नेह जुळतो. घरापासून दूर, दुसऱ्यांच्या लढाईत सापडलेली तीही माणसेच, हे त्याला उमगते. आणि त्याच प्रदेशात हद्दपार झालेल्या आर्मेनियन बायकापोरांची दैनाही तो नोंदवतो. स्नेहापोटी तो अत्याचार झाकत नाही आणि अत्याचार पाहून सगळ्या कौमेला गुन्हेगार ठरवत नाही. मजहबच्या नात्याने आंधळे प्रेम करणाऱ्यांनी आणि मजहबच्या नावाने आंधळा द्वेष करणाऱ्यांनीही हा तोल शिकण्याजोगा आहे.

एक खंत मात्र पुस्तक मिटल्यावरही राहते. कूतमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही भरती होत असत. एका बाजूला खाल्लेले मीठ आणि दुसऱ्या बाजूला खलिफाची हाक, अशा कैचीत सापडलेल्या त्या शिपायाच्या मनात काय चालले असेल? सर्बाधिकारी ते सांगू शकत नाहीत. ते शिकलेले होते, लिहू शकत होते. आपला शिपाई बहुधा पत्रसुद्धा दुसऱ्याकडून लिहवून घेत असे. आपल्या इतिहासाचे हे पान कोणी फाडले नाही, ते लिहिलेच गेले नाही.

म्हणूनच हे पुस्तक मराठीत यायला हवे. आपल्या घरांतल्या जुन्या पेट्यांत एखादे पदक, पेन्शनचा कागद किंवा बसऱ्याहून आलेले पत्र असेल, तर तेही उजेडात यावे. आपल्या माणसांच्या निष्ठेचा हिशेब दुसरे मांडतात तेव्हा नुसते रागावून भागत नाही. आपल्याकडेही वही असावी लागते.