कोकणातील भयपरंपरा आणि निवडक भयपट : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :

भयानक हा रस भरतमुनींनी नाट्यशास्त्रात मान्य केलेल्या आठ रसांपैकी एक आहे. असे असूनही मराठी समीक्षेने भयकथा आणि भयपट यांकडे बराच काळ करमणुकीचा एक दुय्यम प्रकार म्हणूनच पाहिले. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या कथांना वाचक मोठ्या संख्येने लाभला. गंभीर चिकित्सा मात्र त्या मानाने कमी वाट्याला आली. चित्रपटाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिकच जाणवते. 'पाहण्यासारखे भयपट कोणते?' हा प्रश्न विद्यार्थी वर्गाबाहेर सहज विचारतात. त्याचे उत्तर देताना अध्यापकाला मात्र दोन बाजूंनी संकोच वाटतो. हा प्रकार हलका मानला गेला आहे, ही एक बाजू; आणि भुताखेतांचे चित्रण सुचवणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे होईल काय, ही दुसरी.

दुसरी शंका सिंधुदुर्गात अधिक गंभीर ठरते. सावंतवाडीहून कुडाळकडे जाताना लागणाऱ्या आकेरी गावातील एका घरात 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे चित्रीकरण झाले आणि २०१६ पासून तळकोकणातील वाडा, माजघर व मालवणी बोली ही घराघरांत भयाची खूण बनली. त्यामुळे भयपटाची निवड हा या परिसरापुरता केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. आपल्या भूमीचे कोणते चित्र आपण स्वीकारावे, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही निवडक भयपटांचा विचार करून त्यांतील शिफारसयोग्य कोणते आणि का, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

लोकमानसातील भय :

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी या प्रदेशातील अद्भुताची कल्पना ध्यानात घेणे आवश्यक आहे. तळकोकणात राखणदार, देवचार, मुंजा, समंध अशी अनेक नावे रूढ आहेत. परंतु ती सर्व एकाच अर्थाची नाहीत. राखणदार आणि देवचार यांना गावाची हद्द, वाट, पाणी आणि राई यांचे रक्षक मानले जाते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हे याचे ठळक उदाहरण होय. वेताळ ही भूतगणांचा अधिपती मानली गेलेली देवता. पण येथे ती रात्री गावभर फिरून राखण करते अशी श्रद्धा आहे, आणि म्हणून भाविक तिला मोठ्या आकाराच्या चामडी वहाणा अर्पण करतात. अशा शक्तीशी माणसाचा संबंध युद्धाचा नसतो. तो गाऱ्हाण्याचा असतो. गावकरी एकत्र जमून, चूक झाली असल्यास ती कबूल करून, रक्षणाची मागणी करतात.

या रचनेत भयाचे मूळ मर्यादाभंगात आहे. ज्याने हद्द मोडली, राई तोडली, दुसऱ्याचा वाटा गिळला, त्याला भीती. ही श्रद्धा खरी की खोटी, हा प्रश्न येथे अभिप्रेत नाही. तिच्यामागे एक नैतिक व्यवस्था आहे, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे. बहुसंख्य व्यावसायिक भयपट ही व्यवस्था बाजूला सारून केवळ विद्रूप चेहरा, कर्कश आवाज आणि शेवटी धावून येणारा मांत्रिक एवढेच उचलतात.

यावरून भयपटाच्या मूल्यमापनासाठी तीन प्रश्न मांडता येतात. भयाचे मूळ कोणत्या मानवी कृतीत आहे? कथेतील स्थळ हे केवळ पार्श्वभूमी आहे की कथेचे कारण? आणि संकटातून सुटण्याचा उपाय कोणाच्या हाती दिला आहे? पुढील विवेचन या तीन प्रश्नांच्या आधारे केले आहे.

'हा खेळ सावल्यांचा' ते 'झपाटलेला' :

वसंत जोगळेकर दिग्दर्शित 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) हा मराठीतील गूढपटाचा महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटात एका स्त्रीला छळणाऱ्या भुताचे गूढ अखेरीस मानवी पातळीवर आणून सोडले आहे. आजच्या प्रेक्षकाला त्याची मांडणी संथ वाटेल. काही प्रसंग नाटकी वाटतील. तथापि अंधार, सावली आणि गीत यांतून वातावरण कसे उभे राहते, याचा तो उत्तम पाठ आहे. याच चित्रपटासाठी सुधीर मोघे यांनी लिहिलेल्या आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेल्या गीताच्या शब्दांवरून चाळीस वर्षांनी आकेरीतील मालिकेला नाव मिळाले.

त्यानंतरच्या काळात मराठी चित्रपटाने भीतीला विनोदाची जोड दिली. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) हा त्यातील सर्वाधिक लोकप्रिय चित्रपट. 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकन चित्रपटाची कल्पना घेऊन त्यांनी ती बोलक्या बाहुल्यांच्या परिचित खेळात रुजवली. रामदास पाध्ये यांनी साकारलेला तात्या विंचू आजही आठवतो, याचे श्रेय या रुजवणीला द्यावे लागेल. मात्र येथे भय हे हसण्यापूर्वीचे निमित्त असते. त्याला मानवी कारण फारसे नाही, आणि स्थळ बदलले तरी कथा तीच राहील.

'तुंबाड' : लोभाचा इतिहास :

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी भाषेतील चित्रपट असला तरी त्याची मुळे मराठी आहेत. त्याला धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, तर शीर्षक श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीची आठवण देते. १९१८ ते १९४७ या कालपटावर तीन भागांत कथा उलगडते. समृद्धीच्या देवीचे पहिले अपत्य असलेला हस्तर सोने आणि धान्य या दोहोंचा लोभ धरतो, आणि देवीच्या उदरात कोंडला जातो. विनायक हा ब्राह्मण कुटुंबातील मुलगा मोठेपणी पिठाच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्या उदरात उतरतो आणि मोहरा चोरून आणतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे स्पष्ट आहे. हस्तर भयंकर आहेच. पण प्रेक्षक हळूहळू विनायकाला अधिक भिऊ लागतो. विनायक आपल्या मुलाला वारसा म्हणून देतो तो चोरीचा सराव. दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने न थांबणारा पाऊस, शेवाळलेला वाडा आणि खाली गेलेली विहीर यांच्यावाचून ही कथा संभवत नाही. पंकज कुमार यांचे छायालेखन येथे कथनाचेच काम करते. कथा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर संपते आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली, हा योग अर्थपूर्ण आहे. जमिनीवरील वंशपरंपरागत हक्काच्या युगाचा अंत आणि कुटुंबातील शापाचा अंत एकमेकांजवळ येऊन उभे राहतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे आहे. येथे मांत्रिक नाही. सुटका होते ती मुलाने घेतलेल्या नकारामुळे.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नव्हे. स्त्रीपात्रे कथेच्या कडेला राहतात, आणि मधल्या भागातील पुण्याचे जीवन घाईने आटोपले आहे. तरीही प्रथम प्रदर्शनाच्या वेळी मर्यादित प्रतिसाद मिळालेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. प्रेक्षकांनी एकमेकांना केलेली शिफारस किती प्रभावी ठरते, याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

'लपाछपी' : उसाच्या फडातील विहीर :

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७ मध्ये प्रदर्शित) कोकणाबाहेर, उसाच्या प्रदेशात घडतो. गर्भवती नेहा (पूजा सावंत) पतीसह आडगावच्या एका घरात आश्रयाला येते. चहूकडे ऊस, वाट सापडत नाही. घरातील तुळसाबाई (उषा नाईक) प्रेमळ भासते आणि त्या प्रेमळपणातच दहशत दडलेली असते. फडात खेळणाऱ्या अदृश्य मुलांचे रहस्य नवजात मुलींच्या हत्येपाशी पोहोचते.

गर्भलिंग निदानावर निर्बंध घालणारा कायदा १९९४ मध्ये झाला. पण कायद्याची भाषा जे सांगू शकत नाही, ते हा चित्रपट भयाच्या भाषेत सांगतो. येथील भुते दुष्ट नाहीत. ती न्याय मागत आहेत. या संदर्भात कानेतो शिंदो यांच्या 'ओनिबाबा' (१९६४) या जपानी चित्रपटाचे स्मरण होते. तेथेही उंच गवताचे रान आणि एक खोल खड्डा आहे, आणि युद्धाने उपाशी ठेवलेल्या दोन स्त्रिया माणसे मारून त्यात टाकतात. दोन्ही ठिकाणी दृष्टी अडवणारे पीक वा गवत हेच समाजाच्या डोळेझाकीचे रूप होते. 'लपाछपी'च्या शेवटी संदेश शब्दांत सांगण्याचा मोह आवरलेला नाही, ही त्याची मर्यादा होय. फुरिया यांनीच त्याचे 'छोरी' (२०२१) या नावाने हिंदी रूपांतर केले. तथापि घट्ट बांधणीच्या दृष्टीने मूळ मराठी चित्रपट सरस वाटतो.

'मुंज्या', 'जारण' आणि 'दशावतार' :

आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' (२०२४) कोकणाच्या लोकसमजुतीवर थेट आधारलेला आहे. मुंज झाल्यावर आणि सोडमुंजीपूर्वी मरण पावलेला मुलगा पिंपळावर वास करतो, ही समजूत सर्वपरिचित आहे. १९५२ मधील आरंभीचा प्रसंग प्रभावी आहे. पुढे मात्र संगणकनिर्मित प्राणी आणि विनोद यांनी कथा व्यापून टाकली आहे. नकार न स्वीकारणाऱ्या मुलाचा हट्ट मृत्यूनंतरही टिकतो, ही कल्पना गंभीर होती. चित्रपट तिच्याशी अखेरपर्यंत प्रामाणिक राहत नाही. शिवाय उपाय पुन्हा भूत उतरवणाऱ्याकडेच शोधला जातो.

याच्या उलट हृषीकेश गुप्ते यांचा 'जारण' (२०२५) करणी आणि मानसिक आघात यांच्या सीमारेषेवर उभा राहतो. अमृता सुभाष यांच्या अभिनयामुळे राधाची वेदना भुताच्या भीतीपेक्षा मोठी ठरते. पाहणाऱ्याला मानसोपचाराचा विचार करावयास लावणारा हा चित्रपट अंधश्रद्धेच्या चर्चेसाठी विशेष उपयुक्त आहे.

सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' (२०२५) काटेकोर अर्थाने भयपट नाही. परंतु दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला वृद्ध दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री खाणीच्या लोभाविरुद्ध उभा राहतो तेव्हा राखणदाराची मूळ कल्पना पडद्यावर येते. उत्तरार्धातील सूडकथा ठोकळेबाज होते, हे मान्य करावे लागेल. तरीही भीती ही भूमीचे रक्षण करणारी शक्ती आहे, हे तळकोकणातील सूत्र या चित्रपटाने जितके नेमके पकडले आहे तितके आकेरीच्या मालिकेलाही साधले नाही. मालिकेच्या पहिल्या पर्वातील कुटुंबकलह आणि मालमत्तेचा वाद यांत ती शक्यता होती. भागांच्या संख्येने ती पातळ केली.

अंधश्रद्धेचा आक्षेप :

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये अस्तित्वात आला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. ज्या समाजात ही किंमत मोजावी लागली, तेथे भयपटाविषयीचा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. तथापि चित्रण आणि प्रचार यांत भेद करणे हे समीक्षेचे कर्तव्य आहे. जो चित्रपट बाबा-मांत्रिकाला तारणहार ठरवतो, तो अंधश्रद्धेच्या बाजूला झुकतो. जो भुतामागील माणसाचा अपराध दाखवतो आणि उपाय माणसाच्या निर्णयात शोधतो, तो विवेकाच्या बाजूला राहतो. त्यात भूत खरे मानले आहे की नाही, ही बाब त्या मानाने गौण आहे.

निष्कर्ष :

१. भयपटाची योग्यता तो किती दचकवतो यावरून नव्हे, तर भीती ओसरल्यावर कोणता अपराध लक्षात राहतो यावरून ठरवणे उचित होय.

२. या कसोटीवर 'तुंबाड' आणि 'लपाछपी' हे प्रथम शिफारस करावे असे चित्रपट आहेत. 'जारण' चर्चेसाठी आणि 'हा खेळ सावल्यांचा' परंपरेच्या अभ्यासासाठी पाहावा. 'दशावतार' प्रादेशिक संदर्भासाठी महत्त्वाचा आहे. 'मुंज्या' आरंभीच्या प्रसंगापुरता.

३. 'तुंबाड'ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे. पदवीच्या प्रथम वर्षातील अनेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्याने शिफारस करताना याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

४. तळकोकणाला केवळ भुताटकीची भूमी म्हणून रंगवणे हे अपुरे आकलन आहे. येथील लोकमानसात भय हे मर्यादेचे दुसरे नाव आहे. गाऱ्हाण्यातील कबुली आणि सामुदायिक जबाबदारी यांवर उभा असलेला भयपट अद्याप व्हावयाचा आहे. तो होईपर्यंत उपलब्ध चित्रपट निवडून, त्यांच्या उणिवांसह पाहणे आणि त्यांवर वर्गात बोलणे, हाच संकोचापेक्षा अधिक जबाबदार मार्ग ठरेल.