टोकाच्या दोन छिद्रांवरून निवाडा

बंदुकीची अचूकता सांगण्याची नेमबाजांमधील एक रूढ पद्धत अशी आहे : एकाच बिंदूवर नेम धरून तीन किंवा पाच गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर फूटपट्टीने मोजायचे. अंतर कमी, तर बंदूक चांगली. पद्धत सोपी आहे. पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती लंगडी पडते.

आडव्या आणि उभ्या दिशेतील चुका परस्परांपासून स्वतंत्र, प्रसामान्य वितरणाच्या व समान प्रमाण विचलनाच्या आहेत असे मानू. मग हे अंतर सरासरीने तीन गोळ्यांना प्रमाण विचलनाच्या २.४ पट, पाचांना ३.१ पट आणि दहांना ३.८ पट येते. म्हणजे बंदूक तीच, पण गोळ्या वाढवल्या की ती 'बिघडते'! शिवाय दहा छिद्रांपैकी आठांचे स्थान मापात उतरतच नाही. तीन गोळ्यांत हा तोटा किरकोळ असतो, पुढे तो वाढत जातो. आणि तीन-तीन गोळ्यांचे अनेक गट काढले, तर एखादा गट केवळ योगायोगाने सरासरीच्या निम्मा येतो. तोच तेवढा दाखवला, की बंदुकीची नव्हे, नशिबाची जाहिरात होते.

त्यापेक्षा सर्व छिद्रांचा मध्यबिंदू काढून त्यापासूनच्या अंतरांची सरासरी घ्यावी. लहान नमुन्यासाठी थोडी दुरुस्ती केली, की ती प्रमाण विचलनाच्या १.२५ पट असते. निम्म्या गोळ्या १.१८ पट त्रिज्येच्या वर्तुळात पडतात. मात्र गट लहान असला तरी त्याचा मध्य नेमाच्या बिंदूवर असेलच असे नाही. तो दोष वेगळा मोजावा लागतो.

हे प्रतिमानही निर्दोष नाही. लांब पल्ल्यावर गोळ्यांच्या वेगातील फरकाने गट उभा ताणला जातो, तर वाऱ्याने आडवा. तरी याच दोन गृहीतकांवरून, म्हणजे स्वतंत्र चुका आणि सर्व दिशा सारख्या, जॉन हर्शेल यांनी १८५० मध्ये चुकांचा नियम मांडला. मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये तशाच युक्तिवादाने वायूच्या रेणूंच्या वेगांचे वितरण काढले.

वर्गात बंदूक नको. आलेखकागदावर कार्बन पेपर ठेवून ठरावीक उंचीवरून वीस वेळा गोटी टाका. पहिल्या तीन, पाच आणि वीस खुणांसाठी दोन्ही मापे काढा. कोणते माप खुणांच्या संख्येबरोबर पळत सुटते आणि कोणते लवकर स्थिरावते, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.