‘कलेने सावरलं’ हे वाक्य तपासून बघू

ऐकू येणं गेलं, कला भेटली, जगण्याला नवा अर्थ मिळाला. संशोधनाचा विषय निवडताना ही मांडणी मोहात पाडते, कारण निष्कर्ष आधीच हातात असतो. म्हणूनच ती जरा तपासून घ्यायला हवी.

चित्रकार सतीश गुजराल (१९२५–२०२०) यांची गोष्ट अनेकदा अशीच सांगितली जाते. लहानपणीच त्यांची श्रवणशक्ती गेली. १९४४ ते १९४७ ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९५२ मध्ये मेक्सिकोला जाऊन त्यांनी रिव्हेरा आणि सिकेरोस या भित्तिचित्रकारांकडे धडे घेतले आणि पुढे भारतात सार्वजनिक भिंतींवर मोठी कामं केली. रेषा सरळ दिसते ना? पण तिला तीन गाठी आहेत.

पहिली कारणाची. त्यांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या चित्रांतला शोक फाळणीचा आहे. तो सगळा बहिरेपणाच्या खात्यावर टाकणं म्हणजे एका परिणामाला आपल्या सोयीचं कारण चिकटवणं. दुसरी गाठ ‘बरं होणं’ या शब्दाची. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करून घेतली. कलेने सगळं भरून काढलं असेल, तर ही इच्छा उरली कशी? तिसरी माणसांची. पत्नी किरण यांचे ओठ ते वाचत आणि त्या इतरांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवत. हा वाटा आपण कुठे मोजतो?

हेच प्रश्न वेळापुरात विचारून बघा. माउलींच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. पालखीतळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंग थांबतात. तक्रार असलेली दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. म्हणजे थांबण्याची खूण डोळ्यांसाठी आहे, तक्रार कानांसाठी. आता उतारवयात कमी ऐकू येणाऱ्या टाळकऱ्याचा विचार करा. तो ठेका मृदंग्याच्या हाताकडे बघून धरतो, की शेजाऱ्याच्या पावलावरून? दिंडीतली त्याची जागा बदलली का? बदलली असेल तर कोणी ठरवलं?

‘भजनाने बरं वाटतं का?’ असं विचाराल तर उत्तर ‘हो’च येणार. पंढरीच्या वाटेवर ‘नाही’ कोण म्हणेल? त्यापेक्षा विचारा, ‘बाबा, पूर्वी काय करत होता, आता काय करता, आणि मधे कोणी काय केलं?’

शब्दांचा हा काटेकोरपणा उगाच नाही. ‘कलेने बरं केलं’ असं आपण लिहिलं, की समोर तोंड करून बोलणं, लिहून सांगणं, श्रवणयंत्रासाठी खटपट करणं, ही बाकीच्यांची कामं अहवालातून गायब होतात. त्या माणसाकडे उरतं फक्त आनंदी दिसण्याचं काम. आराखड्यात ‘उपचार’ लिहिण्याआधी ‘सहभाग’ लिहून बघा. निरीक्षणाचे रकाने आपोआप बदलतील.