श्रेय कोणाचे? जुना लॅपटॉप, नवी डिस्क आणि लिनक्स

‘जुना लॅपटॉप मोडीत काढू नका, त्यावर लिनक्स घाला, तो नव्यासारखा पळू लागेल,’ असा सल्ला शिक्षकांना सर्रास मिळतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि या सल्ल्याला अधिकच जोर चढला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे २०१७ च्या उत्तरार्धात आलेल्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्यामुळे शाळांच्या कपाटांतील कितीतरी धडधाकट यंत्रे बाद ठरली. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, निष्कर्षही बव्हंशी बरोबर आहे. आमचा आक्षेप आहे तो त्यामागच्या पुराव्यावर.

विश्रांतवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या एका शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. त्यांचा लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा. दुरुस्तीवाल्याने त्यातील फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि त्याच बैठकीत लिनक्स मिंट घालून दिले. यंत्र खरोखरच चपळ झाले. ‘बघा सर, लिनक्सची कमाल!’ असे बाई कौतुकाने म्हणाल्या. पण येथे बदलल्या होत्या दोन गोष्टी. एकाच हंगामात बियाणेही नवे आणि खतही नवे, मग पीक चांगले आले ते कशामुळे? विज्ञानाच्या तासाला हीच बाई मुलांना ‘एका वेळी एकच घटक बदला’ असे शिकवतात. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण सगळेच हा नियम खुंटीला टांगून ठेवतो.

थोडा हिशेब करू. लॅपटॉपमधील नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर न्यायला साधारण १२ मिलिसेकंद जातात. एका ठिकाणचे वाचन म्हणजे १७-१८ मिलिसेकंद. समजा, यंत्र सुरू होताना विखुरलेल्या ५,००० ठिकाणांहून काही ना काही वाचायचे आहे, तर नुसत्या धावाधावीतच जवळजवळ दीड मिनिट गेले. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. एका वाचनाला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तीच ५,००० वाचने अर्ध्या सेकंदात आटोपतात. प्रत्यक्षात कार्यप्रणाली वाचनांचा क्रम हुशारीने लावते, पुढचे आधीच वाचून ठेवते, त्यामुळे फरक इतका भडक दिसत नाही. तरी एवढ्या गुणोत्तरापुढे कोणत्याही कार्यप्रणालीची काटकसर फिकी पडते.

बाईंच्या परवानगीने आम्ही राहिलेल्या दोन जोड्याही करून पाहिल्या. आमच्याकडे पडून असलेल्या तशाच फिरत्या डिस्कवर तेच लिनक्स मिंट घातले. नंतर त्यांच्या जुन्या विंडोजची हुबेहूब प्रत दुसऱ्या एसएसडीवर उतरवली. फिरत्या डिस्कवरचे लिनक्स जुन्या विंडोजपेक्षा बरे चालले, पण ब्राउझर उघडताना डिस्कचा दिवा लुकलुकतच राहिला. एसएसडीवरचे विंडोज मात्र एकदम तरतरीत झाले. वेगाचे बहुतेक श्रेय डिस्कचे होते.

मग लिनक्सचे काय? त्याचे श्रेय वेगळ्या खात्यात जमा करायला हवे. चार जीबी स्मृतीच्या यंत्रात हलक्या मांडणीचे लिनक्स कमी जागा अडवते, हा त्याचा खरा फायदा. त्याहून मोठा फायदा म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या विनाशुल्क येत राहतात. जिओजेब्रा, स्टेलॅरियम यांसारखे कार्यक्रम त्यावर चालतात. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती तयार केली आणि शाळांसाठी ‘एज्युबॉस’ ही वेगळी काढली.

प्रचारक ज्याबद्दल मौन पाळतात तो प्रश्न मराठीचा आहे. बाईंच्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या. अशा फाईलमध्ये ‘क’ हे अक्षर साठवलेले नसते. तेथे रोमन अक्षरांचे संकेतांक असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार रंगवतो. फॉन्ट नसला की पानभर कचरा दिसतो. परवाना असेल तर फॉन्ट लिनक्सवर आणून मजकूर वाचता येतो, पण तो टंकण्याच्या जुन्या प्रणाली विंडोजसाठी लिहिलेल्या. गंमत अशी की देवनागरीसाठी १२८ जागा राखणारी युनिकोडची पहिली आवृत्ती, इस्की हे भारतीय मानक आणि लिनक्स, तिघांचेही साल १९९१! तरीही आपली छपाई आणि शाळा कितीतरी वर्षे खासगी संकेतांकांतच अडकून राहिल्या. लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, मराठी छान उमटते. पण टंकलेखन यंत्राच्या पद्धतीने बोटे बसलेल्या माणसाला तो नव्याने शिकावा लागतो. ‘लिनक्स फुकट आहे’ असे म्हणताना हे कष्ट कोणी धरत नाही. आमच्या मते कार्यप्रणाली बदलण्याआधी सगळ्या जुन्या फाईली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. रफाराची व पोटफोड्या ‘ष’ची गडबड रूपांतरात हमखास होते.

एकट्या शिक्षकाच्या उत्साहावर हे काम फार दिवस चालत नाही, हेही मान्य करावे. गोव्यात ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशातून आलेले वापरलेले संगणक शाळांना दिले आणि पुढे २००० नंतर त्यांवर लिनक्स चालवले. केरळने २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’मधून शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मल्याळम पाठ्यसामग्री यांची सांगड घातली, २०१७ साली त्याचीच ‘काइट’ ही संस्था झाली. तेथे लिनक्स टिकले ते अडलेल्या शिक्षकाला विचारायला माणूस होता म्हणून. आपल्याकडे हा माणूस बहुधा गल्लीतला दुरुस्तीवाला असतो, आणि मिंट घालून दिल्यावर त्याचे काम संपते.

जाता जाता काढलेल्या डिस्कविषयी. तिच्यात विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते, छायाचित्रे असतात. फाईल पुसली तरी बहुधा तिची नोंद तेवढी जाते, मजकूर तेथेच राहतो. म्हणून ती भंगारात देण्यापूर्वी संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून घ्यावीत. लिनक्समध्ये त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. त्यानंतर स्क्रू काढून ती वर्गात उघडावी. लॅपटॉपच्या डिस्कमधील चकती बहुधा काचेची असते, तेव्हा तिच्यावर हातोडी चालवू नये. चकतीवर आडवा झालेला तो बारीक हात मुलांनी पाहिला, की साडेपाच मिलिसेकंदांचा हिशेब फळ्यावर मांडायला पाच मिनिटे पुरतात.