ताबूत-ए-सकीना आणि यिर्मयाचे भाकीत : एका प्रतीकाचे वाचन

मराठीत ‘ताबूत’ हा शब्द उच्चारला की मोहरमचे ताबूत डोळ्यांपुढे येतात. ‘ताबूत थंडे होणे’ हा वाक्प्रचार तर मुसलमानेतरांच्याही तोंडी आहे. उर्दूत हाच शब्द शवपेटीसाठी वापरतात. कुरआनात मात्र तो दोनच ठिकाणी येतो. सूरह ताहामध्ये (20:39) हजरत मूसा (अ.) यांच्या आईने आपले तान्हे बाळ ज्या पेटीत ठेवून पाण्यात सोडले, ती पेटी म्हणजे ताबूत. सूरह बकरामध्ये (2:248) तालूतच्या बादशाहीची निशाणी म्हणून बनी इस्राईलकडे परत येणारी पेटी, तीही ताबूत. बायबलच्या मराठी भाषांतरात या दुसऱ्या पेटीला ‘कराराचा कोश’ म्हटले आहे आणि उर्दू भाषांतरात ‘अहद का संदूक’. वस्तू एकच, पण तीन ग्रंथांत तीन नावे. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना हे धागे एकमेकांना जोडता येत नाहीत, आणि ती रिकामी जागा मग बाजारात मिळणाऱ्या भविष्यकथनाच्या पुस्तिका भरून काढतात.

शब्दाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. हिब्रू बायबलमध्ये हजरत नूह (अ.) यांची नौका आणि हजरत मूसा (अ.) यांची टोपली या दोहोंसाठी ‘तेवा’ हा शब्द आहे. कराराच्या पेटीसाठी मात्र ‘आरोन’ हा वेगळा शब्द येतो, आणि हजरत यूसुफ (अ.) यांची शवपेटीही ‘आरोन’च आहे. अरबी ‘ताबूत’चे हिब्रू, अरमाइक आणि हबशी भाषांतील शब्दांशी असलेले नाते आर्थर जेफरी यांनी कुरआनातील परकीय शब्दांवरील आपल्या ग्रंथात तपासले आहे. हा ग्रंथ 1938 साली बडोद्याच्या प्राच्य विद्या मंदिराने प्रसिद्ध केला, ही गोष्ट आपल्या भागातील अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या पेटीविषयी आज दोन प्रकारचे वाचन प्रचलित आहे. पहिले वाचन विचारते, ती पेटी आता कोठे आहे आणि कधी सापडेल? दुसरे वाचन म्हणते, पेटी वगैरे काही नव्हते, सारे रूपक आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही वाचनांची तपासणी करून असे दाखवावयाचे आहे की बायबलमधील भाकिताचा रोख पेटीच्या शोधाकडे नसून पेटीवाचून जगण्याकडे आहे, आणि कुरआनातील ‘सकीना’ या शब्दाचा प्रवासही त्याच दिशेने जातो.

प्रथम वस्तूकडे पाहू. निर्गम ग्रंथाच्या 25व्या अध्यायानुसार ही पेटी बाभळीच्या लाकडाची, आतून-बाहेरून सोन्याने मढवलेली, अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच होती. म्हणजे आजच्या मापाने लांबी साधारण सव्वा मीटरच्या आतच. झाकणावर दोन करूबांच्या आकृती आणि वाहून नेण्यासाठी दांडे. शलमोनाने मंदिर बांधले तेव्हा पेटीत दोन दगडी पाट्यांखेरीज काहीही नव्हते, असे पहिल्या राजे ग्रंथात (8:9) स्पष्ट नमूद आहे. पेटीचे मोल तिच्यात ठेवलेल्या करारामुळे होते, हे यावरून ध्यानात यावे.

हे विसरल्यास काय होते, ते पहिल्या शमुवेल ग्रंथाच्या 4थ्या अध्यायात आले आहे. पलिष्ट्यांकडून एकदा मार खाल्ल्यावर इस्राएलचे वडीलधारे शिलोहून पेटी रणांगणावर आणवतात. पेटी आली, आता जय आपलाच, अशा समजुतीने छावणीत एवढा जयघोष होतो की जमीन दणाणते. प्रत्यक्षात मात्र आधीपेक्षा मोठा पराभव होतो, पेटी शत्रूच्या हाती पडते, एली याजकाचे दोन्ही पुत्र मारले जातात आणि ती वार्ता ऐकून वृद्ध एलीही प्राण सोडतो. पुढे सात महिने पलिष्ट्यांच्या मुलखात राहून पेटी दोन दुभत्या गाई जोडलेल्या गाडीवरून परत येते, तीही कोणाच्या पराक्रमाशिवाय. करार मोडणाऱ्यांच्या हातात पेटी म्हणजे केवळ ताईत, आणि तो ताईत चालत नाही, हा या कथेचा सरळ अर्थ आहे.

यिर्मया (मुस्लिम परंपरेत हजरत अरमिया) याच्या भाकिताचे मूळ याच आठवणीत आहे. तो अनाथोथ गावच्या याजक घराण्यातला. शलमोनाने अब्याथार याजकाला याच गावी धाडले होते आणि हा अब्याथार दावीदाच्या काळात पेटी वाहणारा होता. त्यामुळे यिर्मया त्याच घराण्यातला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मंदिर आपल्याजवळ आहे म्हणून आपल्याला धोका नाही, असे मानणाऱ्या लोकांना तो 7व्या अध्यायात बजावतो की शिलोला जाऊन पाहा, तिथे काय उरले आहे? आणि 3ऱ्या अध्यायाच्या 16व्या वचनात त्याहून धक्कादायक गोष्ट सांगतो. लोक देशात पुन्हा वाढतील तेव्हा कराराच्या पेटीचे नाव कोणी घेणार नाही, ती मनात येणार नाही, तिचे स्मरण होणार नाही, तिची उणीव भासणार नाही आणि ती पुन्हा घडवलीही जाणार नाही. एकामागून एक पाच नकार. पुढच्याच वचनात तो म्हणतो की यरुशलेम नगरच परमेश्वराचे सिंहासन म्हटले जाईल, तिथे सर्व राष्ट्रे गोळा होतील आणि कोणीही आपल्या दुष्ट मनाच्या हट्टाने चालणार नाही.

हे वचन केव्हाचे, याविषयी मतभेद आहेत. ते इ.स.पूर्व 587-86 मधील बाबिलोनी विध्वंसाच्या आधीचे मानले तर तो इशारा ठरतो, आणि नंतरचे मानले तर ते सांत्वन ठरते. विध्वंसाच्या वेळी लुटलेल्या वस्तूंची यादी दुसऱ्या राजे ग्रंथात व यिर्मयाच्या शेवटच्या अध्यायात आहे. तीत पितळी खांबांपासून पळ्या-वाट्यांपर्यंत सारे आहे, पण पेटीचा उल्लेख नाही. तथापि इशारा माना की सांत्वन, प्रतीकाची दिशा बदलत नाही. आसन पेटीवरून नगरावर जाते, एका जमातीवरून सर्व राष्ट्रांवर जाते, आणि कसोटी राहते ती मनाच्या वागणुकीची.

येथे मूळ भाषेतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. पेटी ‘मनात येणार नाही’ यासाठी हिब्रूत ‘हृदयावर चढणार नाही’ अशा अर्थाचे शब्द आहेत. आणि 31व्या अध्यायात नव्या कराराचे भाकीत करताना यिर्मया म्हणतो की नियमशास्त्र आता हृदयावर लिहिले जाईल. 17व्या अध्यायात तर त्याने लोकांचे पाप त्यांच्या हृदयाच्या पाटीवर कोरलेले असल्याचे म्हटले आहे. पेटीत दगडी पाट्या होत्या. आता हृदय हीच पाटी. पेटी हृदयावरून उतरते आणि तिच्यातला मजकूर हृदयावर चढतो. पेटीचा विसर हा कराराचा विसर नव्हे, ही गोष्ट शिकवताना ठळक करावयास हवी.

नंतरच्या पिढ्यांना हा विसर मानवला नाही. मकाबींच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय 2) अशी कथा आहे की यिर्मयानेच पेटी डोंगरातील गुहेत दडवली आणि लोक वाटेची खूण करू लागले तेव्हा त्यांना दटावले. मिश्नात मंदिराच्या आवारातील एका वेगळ्या दिसणाऱ्या फरशीची आख्यायिका आहे. प्रकटीकरणात (11:19) स्वर्गातील मंदिर उघडते आणि तिथे पेटी दिसते. म्हणजे ख्रिस्ती भाकितानेही तिला पृथ्वीच्या नकाशावरून उचलून वर नेले. दुसऱ्या मंदिराचे परमपवित्रस्थान तर रिकामेच होते, याची साक्ष इतिहासकार जोसीफस देतो. त्या रिकाम्या दालनासमोर लोकांनी शतकानुशतके उपासना केली, हे यिर्मयाच्या भाकिताचे सर्वांत मोठे भाष्य म्हणावे लागेल.

भाकिताला खजिन्याचा नकाशा मानल्यास काय होते, याचे उदाहरण विसाव्या शतकात घडले. फिनलंडचा वाल्टर युवेलियस याने यहेज्केलच्या ग्रंथात सांकेतिक मजकूर सापडल्याचा दावा केला. त्यावर विसंबून मॉंटेग्यू पार्कर या इंग्रजाने 1909 ते 1911 या काळात जेरुसलेममध्ये खोदकाम चालवले. एप्रिल 1911 मध्ये ही मंडळी लाच देऊन रात्री हरम शरीफमध्ये शिरली. बातमी फुटताच शहरात प्रक्षोभ उसळला आणि पार्करला जाफा बंदरातून पळ काढावा लागला. ज्या वचनात सर्व राष्ट्रे एकत्र येण्याची आशा आहे, त्याच पेटीच्या नावाखाली एका शहरात दंग्याची वेळ आली.

हा दोष फक्त इतरांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. इ.स.च्या 9व्या शतकातील नुऐम बिन हम्माद यांच्या ‘किताबुल फितन’मध्ये अशा रिवायती आहेत की इमाम महदी ताबूत-ए-सकीना अंताकियाच्या गुहेतून किंवा तबरियाच्या सरोवरातून बाहेर काढतील. या रिवायती बुखारी वा मुस्लिममध्ये नाहीत आणि नुऐम यांच्या कथनांवर मुहद्दिसांनी आक्षेप घेतले आहेत. तरीही उर्दू पुस्तिकांतून त्या ठाम सत्य म्हणून फिरतात.

आता दुसरे वाचन. मुहम्मद असद यांनी 1980 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या आपल्या कुरआन-भाष्यात 2:248 मधील ताबूतचा अर्थ ‘हृदय’ असा केला आणि त्यासाठी बैजावी, जमख्शरी आदींचा आधार दिला. हा अर्थ मोहक आहे. वर मांडलेल्या विचाराशी जुळणाराही आहे. परंतु आयतीत त्या ताबूतमध्ये मूसा व हारून (अ.) यांच्या घराण्याने मागे ठेवलेले अवशेष असल्याचे आणि फरिश्ते तो वाहून आणत असल्याचे सांगितले आहे. अवशेष पेटीत राहतात. पेटीला आरंभीच पुसून टाकले तर ती सोडून देण्याला अर्थ उरत नाही. प्रतीक बलवान होते ते वस्तू खरी असते म्हणूनच.

कुरआनाचा स्वतःचा कल शब्दयोजनेतून दिसतो. ‘सकीना’ हा शब्द कुरआनात सहा वेळा येतो (2:248, 9:26, 9:40, 48:4, 48:18, 48:26). एकदाच तो पेटीत आहे. उरलेल्या पाचही ठिकाणी सकीना माणसांवर उतरते, पैगंबरांवर (स.) आणि मोमिनांवर, आणि 48:4 मध्ये तर थेट अंतःकरणांत. काही जुन्या रिवायतींत सकीनेचे वर्णन मांजरासारखे डोके असलेली वस्तू असे आहे. इमाम तबरींनी अशी अनेक मते नोंदवून अखेर अता बिन अबी रबाह यांचे मत पसंत केले की ज्या ओळखीच्या निशाण्यांनी जीवाला स्थैर्य लाभते ती सकीना. तबरींचा हा विवेक आपल्या वर्गात पोहोचला पाहिजे.

48:18 मध्ये ज्या झाडाखाली बैअत झाली आणि सकीना उतरली, ते हुदैबियाचे झाड (हि. 6, इ.स. 628). बुखारींनी हजरत इब्ने उमर (रजि.) यांचे कथन दिले आहे की दुसऱ्या वर्षी तिथे गेल्यावर ते झाड कोणते यावर दोघांचेही एकमत होईना, आणि ती अल्लाहची कृपाच होती. दुसऱ्या एका कथनानुसार लोक एका झाडापाशी नमाज पढू लागले तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी ते तोडवले. दोन्ही कथनांचा आशय एकच आहे. सकीनेची जागा हरवली, सकीना हरवली नाही. यिर्मयाचे पाच नकार समजून घेण्यासाठी मुस्लिम विद्यार्थ्याला याहून जवळचा दाखला मिळणार नाही.

याचा अर्थ अवशेषांविषयीचा आदर चूक असा नव्हे. कुरआनानेच त्या अवशेषांना निशाणी म्हटले आहे आणि विजापूरच्या आसार महालात जपलेल्या मू-ए-मुबारकविषयी पिढ्यानपिढ्या ज्यांनी श्रद्धा बाळगली त्यांना ताईत पूजणारे म्हणणे अन्याय होईल. निशाणी कशाची, हा प्रश्न जागा असेपर्यंत आदर हा आदरच राहतो. तो प्रश्न संपला की एबन-एजरचा जयघोष सुरू होतो.

म्हणून आपल्या महाविद्यालयांत हा विषय आला असता ‘पेटी कोठे आहे’ या प्रश्नावर तास खर्ची घालू नये. शमुवेलचा 4था अध्याय, यिर्मयाचा 3रा व 31वा अध्याय आणि सकीनेच्या सहा आयती शेजारी ठेवून वाचाव्यात. बायबलमध्ये पेटी शौलाच्या राज्याआधी परतते, कुरआनात ती तालूतच्या राज्याची निशाणी आहे. हा फरक झाकू नये आणि त्यावरून वादही पेटवू नये. पेटी नसताना करार पाळणारा समाज कसा असतो, हा प्रश्न दोन्ही ग्रंथ विचारतात. तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे उघडा ठेवला तरी पुष्कळ साधेल.